भिंतीवरचा तेरावा चांद

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लांज्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या खेळ्यांच्या मंडळात सत्तावीस शिमगे मी राक्षस झालो. गावात म्हणायचे, काशीराम बुवाला रंग कशाला लावता, आहे तसाच उभा करा. काजू, भात, नाचणी हे आमचं जग. समुद्र आम्हाला बाजारातल्या मासळीच्या पाटीत दिसायचा, तेवढाच.

आमचा वग सगळ्या मुलखाला ठाऊक असलेल्या गोष्टीचा. सात डोंगर, सात दर्ये, त्यापलीकडे एक पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. पिंजऱ्याची किल्ली राक्षसाच्या गळ्यात. राजपुत्र येतो, किल्ली पळवतो, पोपटाची मान मुरगाळतो, आणि मी घुंगरांसकट तीन कोलांट्या खाऊन मरतो. गाणी माझी, चाली माझ्या गुरूच्या. शिमग्यात अंगणाअंगणात हे करायचं, नारळ घ्यायचा आणि पुढच्या अंगणात जायचं.

या गोष्टीचा सिनेमा काढायचं खूळ धाकूच्या डोक्यात शिरलं. धाकू म्हणजे आमच्या मृदंगवाल्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी मुंबईला गेला, एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवू लागला, मग स्टुडिओत दिवे धरू लागला, आणि शहाऐंशी साली थंडीत माझ्या अंगणात येऊन म्हणाला की बुवा, तुमचा वग पडद्यावर आणायचाय, पण रॉक गाण्यांत. मी विचारलं, हे काय असतं? त्याने टेप लावली. म्हशींनी दावी ताणली.

त्याच्या गोष्टीत जंगल नव्हतं. राक्षस हा गाण्याच्या मोठ्या कंपनीचा मालक, अंगात काळं चामड्याचं जाकीट, हातात गिटार. पोपट नव्हताच. पोपटाच्या जागी एक मुलगी, आणि राक्षसाचा जीव तिच्या आवाजात. ती मोकळ्या गळ्याने गायली की हा मरणार, म्हणून त्याने तिला समुद्रातल्या खडकावर पिंजऱ्यात कोंडलेली. शेवटी ती गातेच. मी दोन दिवस धाकूशी बोललो नाही. गुरूची गोष्ट म्हणजे काय गावचा पाणवठा आहे, कुणीही यावं आणि हात बुचकळावा? तिसऱ्या दिवशी मीच विचारलं की राक्षस कोण करणार. तो म्हणाला, तुमच्याशिवाय आहे कोण? झालं, माझा राग विरघळला.

मुलगी म्हणून त्याने माझ्या राहीला मागितलं. आमच्या खेळ्यांत बाईमाणूस उभं राहत नाही, गवळणीसुद्धा मिशा काढलेले बाप्येच. राही तेव्हा एकोणीस वर्षांची. जात्यावर बसून माझी सगळी गाणी म्हणायची, आणि माझ्यापेक्षा चांगली म्हणायची, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिची आई सावित्री नको म्हणत होती. मी एकदा डोळे वटारले आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपत. मुंबईला गाणं टेपवर भरलं, तेव्हा माझ्याएवढ्या उंच खोक्यातून पोरीचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रम फार वाजतायत, एवढंच मी बोललो.

शूटिंग मालगुंडच्या पुढे, समुद्राकाठच्या एका मुसलमान वस्तीजवळ होतं. बाकी मंडळी लॉजवर राहिली. तरणी पोर बरोबर म्हणून मला आणि राहीला अलीच्या घरी जागा मिळाली. अली जुना तांडेल. चाळीस वर्षं गलबतं आणि होड्या हाकलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं, बोलणं कमी. त्याचा मुलगा हारुन सौदीला दम्मामच्या कंपनीत वेल्डर होता आणि दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. पिंजरा त्यानेच बांधला: पुरुषभर उंच, अंगठ्याएवढ्या शिगांचा, दाराला कमरेच्या उंचीवर कडी आणि पितळी कुलूप. कुलूप खरंच लागलं पाहिजे, जवळून दिसणार आहे, असा धाकूचा हट्ट. किल्ली राक्षसाच्या गळ्यात. ती दोनदा हरवली, तेव्हा वैतागून हारुनने साखळीची शेवटची कडी माझ्या गळ्यातच जोडून टाकली, ओलं फडकं मानेला लावून. साखळी आखूड होती, डोक्यातून निघत नव्हती. मी ती घालूनच झोपायचो, जेवायचो. हारुनची बायको रझिया आणि राही मला बघून तोंडाला पदर लावायच्या.

पिंजरा ज्या खडपावर, म्हणजे पाण्यातल्या कातळावर, रोवला ते किनाऱ्यापासून शंभरेक पावलांवर होतं. मध्ये एक चर. ओहोटीला चर कोरडा पडतो आणि चालत जाता येतं. भरती आली की आधी चर भरतो, मग खडप बुडतं. म्हणजे पाण्याची वेळ कळणं महत्त्वाचं. पहिले दिवस आम्ही अलीला विचारायचो. मग एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, हे तुला कळतं कसं? त्याने सरळ सांगून टाकलं: चांदाची जी तारीख असेल तिच्यात एक मिळव, त्याची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. मला गंमत वाटली. एवढंसं गणित, आणि हे लोक जसं काही वेदच जपून बसलेत. दोन दिवस मी येईल त्याला हे सांगत सुटलो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी सकाळी धाकू विचारत आला की आज पाणी कसं आहे, अलीचाचा कुठे आहेत. अली जाळं घेऊन खाडीकडे गेला होता. मी म्हटलं, अली कशाला हवा, मी आहे ना. अलीच्या पडवीत हारुनने आणलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. गुळगुळीत कागद, वर विमानाचं चित्र, मोठ्या तारखेच्या खाली बारीक आकड्यात चांदाची तारीख. तेरा. तेरात एक मिळवला, चौदा. पाऊणपट साडेदहा. रात्री साडेदहाला भरती, म्हणजे दुपारी साडेचारला ओहोटी पूर्ण. तीनला चर उघडणार, सहापर्यंत उघडा राहणार. धाकू खूश झाला, कारण त्याला पाच-साडेपाचचं तिरपं ऊन हवं होतं.

राही उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "बाबा, चाचांना एकदा इचारूया का?"

मी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती आत गेली.

तीनला आम्ही चालत खडपावर गेलो तेव्हा चर कोरडा होता, वाळूत खेकड्यांच्या रांगोळ्या. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. तासभर जवळचे शॉट झाले. शेवटच्या शॉटमध्ये मी राहीला पिंजऱ्यात ढकललं, कुलूप लावलं, हसलो आणि पाठ फिरवली. त्यानंतर तिला बाहेर काढायचंच नव्हतं. पुढचं सगळं लांबून घ्यायचं होतं: समुद्रात एकटा पिंजरा, आत ती, आणि अख्खं साडेचार मिनिटांचं गाणं न तोडता. म्हणून सगळे किनाऱ्यावर परतलो. परतताना चरात घोट्याएवढं पाणी लागलं. जाताना नव्हतं. खळग्यांत साचलेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पटवूनही घेतलं.

वस्तीतली माणसं फ्रेममध्ये येतात म्हणून धाकूने त्यांना दूर सुरूच्या बनाशी दोरी बांधून अडवलं होतं. जनरेटर उंचवट्यामागे घरघरत होता आणि हारुन त्याच्याजवळ बसला होता. मी किनाऱ्यावरच्या एका उंच दगडावर, चामड्याच्या जाकिटात, हातात न वाजणारी गिटार. चार मोठे लाऊडस्पीकर समुद्राकडे तोंड करून. साडेचारला पहिला टेक झाला.

आवाज असा की छातीत दणके बसत. राहीचाच टेपवरचा आवाज सगळ्या किनाऱ्यावर घुमत होता आणि तिकडे ती लहानशी दिसणारी पोर तोंड हलवत होती. माझं काम एवढंच, की ती वर चढेल तसं मी डळमळायचं, कान धरायचे, शेवटच्या कडव्याला कोसळायचं. एक लाट पिंजऱ्याच्या तळाला लागून फुटली. धाकूला ती फार आवडली.

दुसऱ्या टेकला पिंजऱ्याचा तळ दिसेना. मधल्या थांब्यात धाकू माझ्या दगडाशी आला आणि म्हणाला की बुवा, पाणी चढतंय का हो?

हा क्षण मी किती वेळा आठवला असेन, सांगता येत नाही. मी चराकडे बघितलं. चर भरला होता. बघितलं आणि दिसलं, तरी तोंडातून गेलं की लाटा आहेत, वारा फिरलाय, आताच तर ओहोटी पूर्ण झाली, अजून तास आहे. चौदाची पाऊणपट त्याला पुन्हा करून दाखवली. लांब बनाशी अली आला होता आणि दोरीमागून लुंगीचा सोगा हलवत होता. दोरीवरची पोरं त्याला मागे रेटत होती. हे म्हातारं पण आता सिनेमात दिसायला निघालं, असं मी म्हणालो, आणि धाकू हसला.

तिसरा टेक सव्वापाचला सुरू झाला. ऊन तिरपं, सगळं पाणी तांब्यासारखं. पहिलं कडवं गेलं. मी कान धरले. दुसरं कडवं गेलं. गाणं माझं, अक्षर न् अक्षर माझं. कुठे श्वास घ्यायचा हे मीच तिला शिकवलेलं. तिसऱ्या कडव्याला आवाज वर चढला आणि मी बघितलं, की राहीचं तोंड मिटलेलं आहे.

आवाज चालू होता. तोंड बंद होतं. तिने दोन्ही हातांनी शिगा धरल्या होत्या आणि पाणी तिच्या मांड्यांना लागत होतं.

मी ओरडलो. लाऊडस्पीकरपुढे ते मलाच ऐकू आलं नाही. गिटार फेकून दिली, दगडावरून खाली घसरलो, गुडघे फुटले, उठलो, हात हलवत धाकूकडे धावलो. त्याचा डोळा कॅमेऱ्याला. तो अंगठा वर करून ओरडत होता की वा बुवा, असंच, असंच. मी मरत होतो, आणि माझं काम त्या वेळी मरण्याचंच होतं. मग मी त्याच्याकडे जायचं सोडलं आणि सरळ पाण्याकडे पळालो.

चराच्या काठाशी मला अलीने धरलं. दोरी तोडून तो आला होता, धापा टाकत होता. त्याने मागे हात केला तेव्हा कुणीतरी गाणं थांबवलं. एकदम शांत झालं आणि इतका वेळ न ऐकलेला समुद्र ऐकू आला.

"पानी तीनपासून चढतंय, बुवा," अली म्हणाला. "पोरगी आत कशी अजून?"

तीनपासून. म्हणजे माझं गणित दीड तासाने चुकलं होतं. आणि तेव्हाच मला आठवलं, की काल मेकअपवाला रामा दिवसभर शेंगदाण्यांवर होता आणि मी त्याची थट्टा केली होती. एकादशी होती त्याची. काल एकादशी, म्हणजे आज बारस. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. यांची तारीख चांद दिसल्यापासून, आमची तिथी अमावास्येपासून, त्यामुळे तिथीत एक मिळवायलाही नको होता. जन्मभर तिथींत वाढलेला माणूस मी, घरात सावित्री एकही एकादशी चुकवत नाही, आणि मला आज तिथी कोणती हे विचारावंसं वाटलं नाही.

अलीची होडी खाडीच्या पलीकडच्या अंगाला होती. आणायला अर्धा तास. हारुन धावत आला, सदरा काढत म्हणाला की किल्ली द्या, मी पोहत जातो. मी साखळी ओढली. ती हनुवटीत अडकली. त्याने ओढली, मग अलीने ओढली. कान सोलले. कापायची करवत लॉजवर राहिलेल्या पेटीत. हारुन माझ्या गळ्याकडे बघत उभा राहिला. स्वतःचंच काम होतं ते, पक्कं.

"मग मला न्या," मी म्हटलं.

मला पोहता येत नाही. गुडघ्यावर पाणी आलं की माझं डोकं फिरतं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. अलीने दोरीवाल्या पोरांकडून दोर घेतला, माझ्या काखेतून आवळला. हारुनने दुसरं टोक कमरेला बांधलं. धाकू आणि बाकीच्यांनी मागचा दोर धरला. हारुन उतरला, मी त्याच्या मागे.

चराच्या मध्यावर पाय सुटले. थंड पाणी तोंडात आलं, नाकात आलं, जाकीट ओलं होऊन घोंगडीसारखं जड झालं आणि मला खाली ओढू लागलं. ओढ डावीकडे होती, खाडीच्या दिशेने. मी कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही. राही, राही, एवढंच म्हणत होतो, आणि तेही पाण्यात. हारुन दोर ओढत होता. एकदा माझं डोकं पूर्ण खाली गेलं आणि वर आलं तेव्हा पिंजऱ्याच्या शिगा हाताला लागल्या.

राहीच्या कमरेच्या वर पाणी होतं, लाट आली की छातीला. ओठ निळे. रडत नव्हती. पिंजरा लाटेबरोबर करकरत होता. एका अंगाचा पाय खडपातून सुटला होता. हारुन त्याला मिठी मारून उभा राहिला आणि म्हणाला, लवकर.

कुलूप कमरेच्या उंचीवर होतं, म्हणजे पाण्याखाली. किल्ली माझ्या गळ्यात, साखळी गळ्यालगत. किल्ली कुलपाला लागायची तर माझी मान कुलपाशी जायला हवी होती.

मी वाकलो. पाणी कानांत शिरलं आणि मी परत वर आलो. पुन्हा वाकलो, डोळे उघडले, हिरवं काळोखं काहीतरी, हात कुलपाला लागला पण किल्ली कुठेच जाईना, आणि छाती फुटायला आली तसा वर आलो. मला हुंदका आला. तिने शिगांतून दोन्ही हात बाहेर काढले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी नुसतं वाका. किल्ली मी लावतंय. श्वास घ्या मोठा. गाण्यात घेता तसा."

मी श्वास घेतला. तिने एका हाताने माझ्या मानेला धरलं आणि मला खाली दाबलं. माझ्या बापानेसुद्धा माझ्या मानेला असा हात लावला नसेल. गाल लोखंडाला घासत होता. गळ्याशी तिची बोटं चाललेली कळत होती: किल्ली धरली, घसरली, पुन्हा धरली. मी मनात कडवं म्हणायला लागलो, वेळ मोजायला दुसरं काही येत नव्हतं म्हणून. कडव्याची तिसरी ओळ संपली तेव्हा मी तडफडायला लागलो. तिने सोडलं नाही. चौथ्या ओळीला कुलूप सुटलं.

दार बाहेर उघडेना, पाणी रेटत होतं. हारुनने पाय रोवून पिंजरा धरला, मी दार ओढलं, ती फटीतून आडवी होऊन निघाली आणि पिंजरा हळूच कलंडला. तिला हारुनने एका हातात धरलं, मला दोराने मागच्यांनी ओढलं. परतीचं मला फारसं आठवत नाही.

वाळूवर रझियाने राहीला चादरीत गुंडाळलं आणि तिचे पाय चोळायला लागली. मी उलट्या केल्या. धाकू आधी रडला, मग त्याला संताप आला, आणि संताप काढायला त्याला अली सापडला. तुम्ही दर्यावर्दी माणसं, बुवाला हे गणित तुम्हीच शिकवलंत ना, असं काहीबाही तो ओरडत होता. बाकीचेही सरसावले. अली खाली बघून ऐकत होता.

आणि मी गप्प होतो. हे लिहायला जड जातंय, पण मी गप्प होतो. घसा खवखवतोय, दम लागलाय, अशी कारणं होती. खरं कारण ते नव्हतं.

हारुननेच मला विचारलं की तुम्ही चांद कितवा धरलात. मी म्हटलं, तेरावा, तुमच्याच कॅलेंडरातला. तो मटकन बसला. म्हणाला, बुवा, ते सौदीचं कॅलेंडर. तिकडचा चांद आपल्याआधी एक दिवस, कधी दोन दिवस. आमची ईद तिकडे होते, तेव्हा इकडे अजून रोजा असतो. आज आपल्याकडे अकरावा. त्यात एक मिळवायचा, म्हणजे बारा. अब्बा कॅलेंडर बघतच नाहीत, ते वर बघतात.

मग सगळ्यांना बरं वाटलं. कुणाचीच चूक नाही, कॅलेंडरची चूक, असं धाकू म्हणाला, आणि अलीच्या पाया पडायला वाकला. मलाही बरं वाटलं. भिंतीवरच्या कागदावर ढकलून मोकळं होता येत होतं. मी तर मान डोलवायलाही लागलो होतो.

रझिया तेवढ्यात राहीला विचारत होती, हलक्या आवाजात, बायका आपसात विचारतात तसं, की अगं पोरी, तुला तर पाणी चढलेलं सगळ्यांच्या आधी कळलं असेल. मधे दोनदा गाणं बंद होतं. तेव्हा हाक का नाही मारलीस?

"पयल्या खेपेलाच कळला," राही म्हणाली. दात वाजत होते तिचे. "पावलांवर आला, मग पोटऱ्यांवर. पन बाबा बोललेवते ना, सहापर्यंत पानी येनार नाय. मग हाक कशी मारू?"

तक्रार नव्हती त्यात. वेळ काय झाली असं विचारल्यावर सांगावं, तसं तिने सांगितलं. पायाखालचं पाणी खरं की बापाचा शब्द खरा, हे एकोणीस वर्षांत मी तिला इतकं पक्कं शिकवलं होतं, की ती बुडत उभी होती आणि मला खोटं पाडत नव्हती.

मी उठलो आणि अलीसमोर गेलो. गणित माझं होतं, आणि पाणी चढताना मी डोळ्यांनी बघितलं होतं, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. मग राहीजवळ बसलो. ती मला जागा करून द्यायला सरकली.